ताडोबा आणि अंधारी : जाण्याआधी दोन जंगलांची ओळख

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ज्या जंगलाला सगळे एका दमात ‘ताडोबा’ म्हणतात, ती खरे तर शेजारी शेजारी असलेली दोन जंगले आहेत. उत्तरेकडचे ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली जाहीर झाले. महाराष्ट्रातले हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, पण आकाराने लहान, सुमारे ११६ चौरस किलोमीटर. त्याला दक्षिणेकडून बिलगून असलेले अंधारी वन्यजीव अभयारण्य १९८६ चे आणि ताडोबाच्या चौपटीहून मोठे, सुमारे ५०९ चौरस किलोमीटर. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ही दोन जंगले एकत्र करून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. नाव थोरल्याचे झाले, पसारा धाकट्याचा राहिला. पुढे या दोहोंभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र आखले गेले. आज पर्यटक ज्याला ‘कोअर’ म्हणतात तो गाभा म्हणजे ताडोबा आणि अंधारी मिळून सव्वासहाशे चौरस किलोमीटरचे जंगल.

ही विभागणी जाण्याआधी माहीत असणे गरजेचे आहे, कारण सफारी प्रकल्पाची नसते, गेटची असते. गाभ्याला सहा गेटे आहेत : मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी. ज्या गेटचे बुकिंग असेल त्याच गेटमधून जिप्सी आत जाते आणि ठरलेल्या वेळेत त्याच भागात फिरून बाहेर येते. कोलाऱ्याचे बुकिंग करून अंधारीतल्या कोळसा भागाचे डोंगर पाहता येत नाहीत, आणि झरीतून आत गेलेल्याने ताडोबा तलावाची आशा धरू नये. नागपूरहून उमरेड-चिमूरमार्गे येणाऱ्याला कोलारा आणि नवेगाव जवळ पडतात. चंद्रपूरला रेल्वेने उतरणाऱ्याला सुमारे ३० किलोमीटरवरचे मोहर्ली सोयीचे. बहुतेक कुटुंबे गेट निवडतात ती हॉटेल कुठे मिळाले यावरून. तसे न करता आधी जंगल निवडावे आणि मग मुक्काम शोधावा.

ताडोबाची ओळख म्हणजे त्याचा तलाव. सुमारे १२० हेक्टरांचे हे पाणी उन्हाळ्यातही आटत नाही, आणि उत्तरेकडच्या जंगलाचे सारे जीवन त्याच्याभोवती फिरते. तलावात मगरी आहेत. हिवाळ्याच्या सकाळी त्या काठावर ऊन खात इतक्या निश्चल पडलेल्या असतात की नवख्याला ते ओंडके वाटावेत. काठच्या वाळक्या झाडांवर मत्स्यगरुड बसलेला दिसतो, उथळ पाण्यात बगळे आणि करकोचे चरत असतात, सांबरे पोटापर्यंत पाण्यात शिरून पाणवनस्पती खातात. जवळचा पांढरपौनीचा पाणवठा तर ‘माया’ या वाघिणीमुळे देशभर माहीत झाला. अनेक वर्षे तिने हा पट्टा राखला, पिल्ले वाढवली, आणि २०२३ च्या पावसाळ्यात ती दिसेनाशी झाली. मायाला पाहण्यासाठीच कोलाऱ्याला पुन्हा पुन्हा येणारे लोक होते.

तलावाच्या काठी एका जुन्या झाडाखाली तारू देवाचे ठाणे आहे. ताडोबा हे नाव या देवावरून आले, असे मानले जाते. गोंडांच्या परंपरेत तारू हा गावाचा मुखिया होता. वाघाशी झुंजताना त्याचा अंत झाला आणि लोकांनी त्याला देवपण दिले. दुसरी कथा तलावाची आहे. तहानलेल्या वऱ्हाडाने इथे पाण्यासाठी खणले, पाणी उसळून आले आणि सगळे वऱ्हाड बुडाले. मग तिथे ताडाचे झाड उगवले, ते दिवसा वर येई आणि सांजेला पाण्यात जाई. पौष महिना तारूच्या पूजेचा. वाघाच्या हातून मेलेल्या माणसाला देव मानून त्याच जंगलात वाघासोबत राहणारा समाज इथे होता आणि आहे, हे ठाऊक असेल तर तलावाकाठची ती दोन मिनिटे वेगळी वाटतात. शिकारीला बंदी आणि राष्ट्रीय उद्यान या गोष्टी विसाव्या शतकातल्या, तारू त्याआधीचा.

मोहर्लीकडून तलावाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर दगडी खांब उभे दिसतात. हे गोंड राजवटीच्या काळातले मानले जातात. त्यांतून दोर ओवून टोकाला घंटा बांधत आणि राजाच्या येण्याजाण्याची वर्दी पुढे देत, असे गाईड सांगतात. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी होती, शहराभोवतीचा त्यांचा परकोट आजही उभा आहे. जंगलातले हे खांब त्याच इतिहासाची आठवण आहेत. जिप्सीतल्या लोकांचे डोळे बहुतेक वेळा वाघाच्या पावलांवर असतात आणि खांब मागे निघून जातात. गाडी थांबवायला सांगून ते पाहण्यासारखे आहेत.

अंधारीचे जंगल वेगळ्या चालीचे आहे. अभयारण्याला नाव देणारी अंधारी नदी या जंगलातून दक्षिणेकडे वाहत जाते आणि पुढे वैनगंगेला मिळते. अभयारण्याचे दोन भाग पडतात, मोहर्ली आणि कोळसा, आणि त्या दोन भागांतही बराच फरक आहे. मोहर्लीच्या बाजूला इरई धरणाचा मोठा जलाशय पसरला आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला पाणी याच धरणातून जाते. जलाशयाच्या काठी हिवाळ्यात स्थलांतरित बदके उतरतात. आतल्या बाजूचे तेलिया तळे मात्र वाघांमुळे गाजले. ‘माधुरी’ नावाच्या वाघिणीच्या सोनम, लारा, मोना आणि गीता या चार मुली इथे एकत्र वाढल्या आणि ‘तेलिया सिस्टर्स’ म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांचा बाप ‘वाघडोह’, आडव्या अंगाचा, चेहऱ्यावर जखमांचे व्रण असलेला नर. तो म्हातारा होऊन जंगलाबाहेर सरकला आणि २०२२ च्या मे महिन्यात चंद्रपूरजवळ मरण पावला.

कोळशाच्या बाजूला, म्हणजे झरी आणि पांगडी गेटांतून, गर्दी सगळ्यांत कमी असते. इथे टेकड्या, दाट बांबू, अरुंद वाटा आणि ओढे आहेत. मोकळी कुरणे थोडी, त्यामुळे वाघ असूनही चटकन दिसत नाही. ‘सायटिंग’ची हमी शोधणारे म्हणूनच इकडे फिरकत नाहीत. पण ज्याला जंगल पाहायचे आहे त्याने हाच भाग आधी पाहावा. अस्वल, रानगवा, कोळसुनांची टोळी, चौशिंगा, भेकर अशी मंडळी इथे निवांत भेटतात. शांतता इतकी, की वानराची खॉक किंवा चितळाचा कॉल दोन ओढे ओलांडून ऐकू येतो आणि गाईड गाडी बंद करून कान देतो. वाघ कुठे आहे हे आवाजांवरून ताडायचे कसे, हे शिकायला याहून चांगली शाळा नाही.

दोन्ही जंगलांची झाडे मात्र एकाच कुळाची, पानगळी प्रकारची. साग आणि बांबू सगळीकडे. त्यांत येन, बिजा, धावडा, तेंदू, मोहा, हळदू, नदीकाठी अर्जुन आणि जांभूळ. उन्हाळ्यात पाने गळली की खडकाळ उतारांवर कुलूची पांढरीफटक खोडे लांबूनही उठून दिसतात.

गाभ्यातली मोकळी गवताळ मैदाने पाहताना एक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्यांतली बरीचशी मैदाने निसर्गाने केलेली नाहीत. जामणी, नवेगाव, बोटेझरी अशी गावे या जंगलात होती. त्यांचे पुनर्वसन बाहेर झाले आणि त्यांची शेते, गावठाणे आता कुरणे झाली आहेत. चितळांचे कळप आणि रानगवे तिथे चरतात, त्यांच्या मागे वाघ येतो. जिथे आज कॅमेऱ्यांचा कडकडाट होतो तिथे कोणाचे तरी धान पिकत होते, कोणाचे तरी घर होते. पर्यटकाने वाघाच्या छायाचित्राबरोबर ही माहितीही घरी न्यावी.

मग निवड कशी करायची? पहिल्यांदाच येणाऱ्याने, विशेषतः मुले आणि वडीलधारी बरोबर असतील तर, एक फेरी कोलारा किंवा नवेगावची आणि एक मोहर्लीची ठेवावी. तलाव, मगरी, कुरणे, वाघ दिसण्याची बऱ्यापैकी शक्यता हे सारे त्यात येते. दोन मुक्काम असतील तर तिसरी फेरी झरी किंवा पांगडीची करावी. पक्षी पाहणाऱ्यांना हिवाळ्यातली मोहर्ली-इरई बाजू जास्त देऊन जाते. एकाच दिवशी सकाळी उत्तरेचे आणि दुपारी दक्षिणेचे गेट घेण्याचा मोह मात्र टाळावा; मधले अंतर रस्त्याने वळसा घालून कापावे लागते आणि दुपारची फेरी धापा टाकत सुरू होते.

ऋतूही गेटइतकाच महत्त्वाचा. जुलै ते सप्टेंबर गाभा बंद असतो आणि एरवी मंगळवारी. ऑक्टोबरमध्ये दार उघडते तेव्हा गवत उंच आणि पाणी सर्वत्र, त्यामुळे प्राणी पांगलेले असतात. जंगल मात्र सगळ्यांत देखणे याच वेळी. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उघड्या जिप्सीत थंडी हाडांत शिरते, कानटोपी आणि चादर हवीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडू लागतात आणि ती वेचायला अस्वल येते, तशीच गावातली माणसेही येतात. एप्रिल-मे हा वाघ पाहणाऱ्यांचा काळ, कारण ओढे आटून पाणी मोजक्या पाणवठ्यांवर येते. पण चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुपारच्या फेरीला लहान मुलांना नेताना पाणी, ओला रुमाल आणि विचार हे तिन्ही बरोबर असावे.

गाभ्याचे बुकिंग न मिळालेल्यांनी निराश होऊ नये. बफरमध्येही गेटे आहेत : आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलिझंझा, रामदेगी आणि आणखी काही. यांपैकी काही पावसाळ्यातही सुरू असतात. ‘छोटा मटका’ आणि ‘जुनाबाई’सारखे नावाजलेले वाघ-वाघिणी बफरमध्ये दिसले आहेत. आगरझरीला फुलपाखरांचे उद्यान आहे, जुनोन्याला जुने तळे आहे. बफर म्हणजे गावे, शेते, गुरे आणि वाघ एकाच ठिकाणी. २०२२ च्या गणनेत ताडोबा-अंधारीत ९७ वाघ मोजले गेले. प्रकल्पाबाहेर, ब्रह्मपुरीकडच्या जंगलांतही वाघ आहेत. मोहफुले किंवा तेंदूपत्ता वेचायला पहाटे निघालेल्या बाईसाठी वाघ हे ‘सायटिंग’ नसते. बफरच्या रस्त्यावर भरधाव गाडी हाकणे, गावात कर्णे वाजवणे, गुराख्याकडे ‘वाघ दिसला का’ म्हणून ओरडणे हे म्हणूनच शोभत नाही.

आतले नियम थोडे आहेत आणि ते पाळावेत. गाभ्यात मोबाइल नेता येत नाही. गाडीतून उतरता येत नाही. प्रत्येक गाडीत गाईड असतोच. हे गाईड आणि चालक आसपासच्या गावांतले आहेत, त्यांत आता स्त्रियाही आहेत. त्यांना वाघाची नावे पाठ असतातच, पण झाडे, आवाज, पायखुणा यांविषयी विचारणारा पर्यटक भेटला की त्यांचा चेहरा खुलतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेसाठी पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा कोलाऱ्याच्या जंगलात वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. जिप्सीत बसून जे जंगल शांत वाटते त्यात रोज पायी चालणारी माणसे आहेत, म्हणून ते राखले गेले आहे.

चंद्रपूरहून पुढे गडचिरोलीत जाण्याइतके दिवस हाताशी असतील तर जंगलाची तिसरी तऱ्हा पाहता येते. तिथे वाघाच्या सफारीचा थाट नाही, गेटांच्या रांगा नाहीत. आलापल्लीजवळ सुमारे ६ हेक्टरांचा एक तुकडा ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणून राखलेला आहे. इथले सागाचे जुने, सरळसोट वृक्ष पाहताना मान मागे टाकावी लागते. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातले हे असे पहिले स्थळ. अहेरी तालुक्यातल्या कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे, राज्यातला एकमेव. पूर्वी लाकूड ओढणाऱ्या हत्तींची पुढची पिढी इथे पिल्लांसह राहते, तळ्यावर अंघोळ करते आणि रात्री जंगलात चरायला जाते. गडचिरोलीत आता रानहत्तीही आहेत. ओडिशाकडचा त्यांचा कळप छत्तीसगडमार्गे २०२१ मध्ये इथे उतरला. कमलापूरचे पाळीव हत्ती आणि हा कळप यांची गल्लत करू नये. रानहत्ती शोधत फिरणे जिवावर बेतू शकते.

आणखी दक्षिणेला, तेलंगणच्या सीमेलगत सिरोंचा तालुक्यात वडधमचे जीवाश्म उद्यान आहे. दगड झालेली झाडांची खोडे आणि प्राचीन जीवांचे अवशेष या भागात सापडले आहेत. गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यातले खडक डायनासोरच्या काळातले आहेत. चंद्रपूरहून सिरोंच्याचा रस्ता लांबचा आणि जंगलातून जाणारा आहे, म्हणून हा प्रवास दिवसाउजेडीच करावा आणि मुक्काम आधी ठरवून निघावे. आलापल्ली, कमलापूर आणि वडधम ही तिन्ही ठिकाणे एकाच दिशेला येतात, तेव्हा ताडोबाच्या दोन दिवसांना आणखी दोन दिवस जोडले तर ती नीट पाहून होतात.