चेडरचा माणूस आणि इतिहासाचे मास्तर

तुमच्या पणजोबांच्या पणजोबांचे नाव तुम्हांला सांगता येईल का? बहुतेकांची गाडी पणजोबांपाशीच अडते. मग दहा हजार वर्षांपूर्वीच्या नातेवाइकाची चौकशी कोण करणार? पण इंग्लंडमधल्या एका शाळेत इतिहास शिकवणाऱ्या मास्तरांना १९९७ साली अशाच एका नातेवाइकाची बातमी ऐकायला मिळाली.

त्याचे असे झाले. नैर्ऋत्य इंग्लंडात सॉमरसेट परगण्यात चेडर नावाचे गाव आहे. चेडर चीज म्हणतात ते मूळचे याच गावचे. गावाजवळच्या चुनखडीच्या घळीत गॉफची गुहा आहे. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून १९०३ मध्ये तेथे खोदकाम चालले असताना एका माणसाचा सांगाडा सापडला. हा माणूस सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचा. शिकार करून आणि कंदमुळे-फळे गोळा करून जगणारा. ब्रिटनमध्ये शेती पोचायला अजून चार हजार वर्षे अवकाश होता.

ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी या माणसाच्या दाढेतून डीएनए मिळवला आणि गावातल्या काही रहिवाशांच्या डीएनएशी तो ताडून पाहिला. आमच्या मास्तरांचा नमुना जवळजवळ जुळला! चेडरच्या माणसाचा वंशज त्याच गावात सापडला, अशा थाटात वर्तमानपत्रांनी बातमी छापली.

आता जरा थांबा. ही बातमी तुम्ही तपासून पाहा. त्यासाठी फार थोडे जीवशास्त्र पुरेल.

आपल्या पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो. बहुतेक सगळा केंद्रकात, गुणसूत्रांवर. तो निम्मा आईकडून येतो आणि निम्मा वडिलांकडून. थोडासा डीएनए मात्र तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात असतो, आणि तो फक्त आईकडून मिळतो. साइक्स यांनी हाच तपासला होता. याच्या एकेका पेशीत शेकडो प्रती असतात, त्यामुळे जुन्या हाडांत तो हाती लागण्याची शक्यता अधिक.

पण चेडरचा माणूस तर पुरुष होता! आपल्या तंतुकणिका त्याने कोणालाच दिल्या नसणार. मग मास्तरांना त्या त्याच्याकडून कशा मिळतील? दोघांच्या तंतुकणिका एकाच वळणाच्या असतील, तर त्याचा अर्थ एवढाच की त्याच्याही आधी होऊन गेलेल्या कोण्या एका स्त्रीपासून दोघांच्या आयांची साखळी निघाली. तेव्हा वंशज म्हणण्यापेक्षा मास्तरांना त्याचे लांबचे, फार फार लांबचे मावसभाऊ म्हणावे!

दुसरी गोष्ट. कागद-पेन्सिल घ्या आणि मागे मोजत चला. आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. दहा पिढ्या मागे गेलात की १,०२४ जागा होतात. आईची आई, तिची आई अशी सरळ ओळ या १,०२४ पैकी एकाच जागेशी पोचते. बाकीच्या १,०२३ जणांबद्दल तंतुकणिका अवाक्षर काढत नाहीत. आणखी मागे चला. पिढी २५ वर्षांची धरली तर ज्ञानेश्वरांच्या काळापर्यंत ३० पिढ्या होतात आणि जागा होतात १०७ कोटींवर. त्या काळी साऱ्या जगात माणसे होती ५० कोटींहून कमी! म्हणजे तीच तीच माणसे आपल्या वंशवृक्षात अनेक जागी बसली आहेत. तुमच्या आणि तुमच्या शेजाऱ्याच्या वृक्षात तर कितीतरी समाईक असणार.

म्हणून पूर्वजांचा खरा अंदाज घ्यायचा तर केंद्रकातला डीएनए वाचायला हवा. तेथे सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. दोन माणसांत त्यांतले साधारण हजारात एक अक्षर वेगळे असते. लाळेचा नमुना घेऊन अशा बदलत्या जागांपैकी काही लाख तपासतात, आणि जुन्या सांगाड्यांतून मिळालेल्या अक्षरांशी त्या ताडून बघतात.

त्यातून टक्केवारी कशी निघते? एका जागी 'अ' हे अक्षर जुन्या शिकाऱ्यांत ९० टक्के आढळले आणि जुन्या शेतकऱ्यांत १० टक्के, असे समजा. या दोघांच्या मिश्रणातून झालेल्या एखाद्या गावात ते ३० टक्के आढळले. शिकाऱ्यांचा वाटा 'क्ष' धरा. मग ९०क्ष + १०(१ − क्ष) = ३०. सोडवा पाहू! क्ष येतो एक चतुर्थांश. एकट्या माणसाच्या बाबतीत मात्र एका जागेवरून काहीच ठरत नाही. त्याच्याकडे त्या जागेची दोनच अक्षरे असतात, आणि नशिबाचा खेळ मोठा असतो. म्हणून लाखो जागांची बेरीज घ्यावी लागते.

आमच्या घरी थालीपिठाची भाजणी आली की आजी चिमूटभर तोंडात टाकून सांगायची, यात ज्वारी फार झाली, धने कमी पडले. हे काम तसेच आहे. पण जिने बाजरी कधी चाखलीच नाही, ती बाजरीचा वाटा ज्वारीच्या नावावर मांडणार! या हिशेबातली मुख्य मेख हीच. ज्या लोकांचे सांगाडे सापडले, त्यांचीच नावे उत्तरात येतात.

चेडरच्या माणसाचे काय झाले ते राहिलेच. लंडनचे नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि युनिव्हर्सिटी कॉलेज यांतील शास्त्रज्ञांनी त्याच्या कवटीतील आतल्या कानाजवळच्या टणक हाडातून थोडी भुकटी काढून केंद्रकातला डीएनए वाचला. २०१८ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला : केस गडद रंगाचे, डोळे निळसर आणि कातडी बहुधा सावळी ते काळी. आजच्या ब्रिटिशांच्या वंशात त्याच्यासारख्या शिकाऱ्यांचा वाटा साधारण १० टक्के आहे. तोही चेडरच्या घळीतून सरळ उतरलेला नव्हे. सुमारे ६,००० वर्षांपूर्वी शेतकरी आले, त्यांचे मूळ आजच्या तुर्कस्तानात. सुमारे ४,५०० वर्षांपूर्वी युरोपातून आणखी लोक आले, त्यांच्यात गवताळ मैदानांतल्या पशुपालकांचा मोठा अंश होता. शिकाऱ्यांचा बराचसा वाटा या दोघांबरोबरच मुख्य भूमीवरून ब्रिटनमध्ये पोचला.

तुम्ही म्हणाल, आम्ही लाळ दिली तर आमचे उत्तर काय येईल? आपल्याकडची अडचण हवामानाची. उष्ण, दमट मातीत डीएनए लवकर विरतो. हरियाणातील राखीगढी येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली सिंधू संस्कृतीच्या काळातल्या दफनांचे उत्खनन झाले. ६१ नमुने तपासले, त्यांतल्या एकाच स्त्रीच्या हाडांतून वाचता येईल इतका डीएनए मिळाला. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिच्यात दोन धागे दिसले. एक प्राचीन इराणी लोकांशी नाते सांगणारा, दुसरा इथल्या जुन्या शिकाऱ्यांचा. गवताळ मैदानांतल्या पशुपालकांचा धागा तिच्यात नव्हता. आजच्या बहुतेक भारतीयांत मात्र तो कमीजास्त प्रमाणात आढळतो.

आणि इथल्या त्या जुन्या शिकाऱ्यांचा सांगाडा? त्या हिशेबासाठी तो हाताशी नव्हता. शास्त्रज्ञांनी त्याच्या जागी अंदमानातल्या ओंगी लोकांचा डीएनए घेतला, आणि ओंगी हे त्यांचे पूर्वज नसून दूरचे भाऊबंद आहेत. बाजरी मिळाली नाही म्हणून तिच्या सगळ्यांत जवळच्या धान्यावर काम भागवले, असेच म्हणा ना!