लेखापरीक्षण समिती : तळ्याची राखण कोणी करायची?

घरच्या दुकानात वही मालकाची आणि पैसाही मालकाचाच. हिशेबात खोट आली तर झळ त्यालाच. कंपनीत मात्र पैसा हजारो भागधारकांचा आणि वही व्यवस्थापनाच्या ताब्यात. तळे राखील तो पाणी चाखील, ही म्हण इथे तंतोतंत लागू पडते. लेखापरीक्षक असतात हे खरे; पण ज्यांचे हिशेब तपासायचे, त्याच अधिकाऱ्यांशी त्यांचा रोजचा संबंध. मतभेद झाला तर दाद कोणाकडे मागायची? लेखापरीक्षण समिती हे कायद्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे.

मी सीए नाही, वकीलही नाही. वार्षिक अहवाल वाचण्याच्या नादातून कायद्याकडे वळलेला एक अभ्यासक, एवढीच माझी ओळख.

ही कल्पना अमेरिकेतली. मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीच्या वह्यांतला लाखो डॉलरचा माल मुळात अस्तित्वातच नव्हता, हे १९३८ साली उघड झाले. त्यानंतर तिथल्या रोखे आयोगाने अशा समितीची शिफारस केली. इंग्लंडमध्ये १९९२च्या कॅडबरी अहवालाने तिला बळ दिले. आपल्याकडे कुमार मंगलम बिर्ला समितीच्या शिफारशींवरून सेबीने २००० साली शेअर बाजारातल्या कंपन्यांसाठी ती आणली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १९५६च्या कंपनी कायद्यात कलम २९२अ आले. आता २०१३च्या कायद्याचे कलम १७७ लागू आहे.

या कलमानुसार समितीत किमान तीन संचालक हवेत आणि त्यांत स्वतंत्र संचालकांचे बहुमत हवे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी सेबीची अट अधिक कडक : दोन तृतीयांश सदस्य स्वतंत्र हवेत. लेखापरीक्षकांची नेमणूक व मोबदला यांची शिफारस करणे, वार्षिक हिशेब संचालक मंडळापुढे जाण्याआधी पाहणे, प्रवर्तकांच्या नात्यागोत्यातल्या कंपन्यांशी होणारे व्यवहार पारखणे, ही तिची मुख्य कामे. अपवादात्मक प्रसंगी गैरप्रकाराची तक्रार घेऊन कर्मचारी थेट समितीच्या अध्यक्षांकडे जाऊ शकतो.

पण राखणदार नेमला म्हणजे राखण झाली, असे नव्हे. सत्यम कॉम्प्युटर्समध्ये समिती होती, स्वतंत्र संचालक होते, नामांकित लेखापरीक्षकही होते. तरीही ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजू यांनी पत्राने कळवले की, वह्यांत दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. मला यातून एक गोष्ट दिसते. समितीच्या वर्षातून किमान चार बैठका होतात आणि तिच्यापुढे येणारे कागद बहुतांशी व्यवस्थापनानेच तयार केलेले असतात. त्यांवर विसंबायचे नसेल तर कायद्याने तिला चौकशीचा, कंपनीचे दप्तर पाहण्याचा आणि बाहेरच्या तज्ज्ञाचा सल्ला घेण्याचा अधिकार दिलेला आहे. तो वापरला जातो का, हा खरा प्रश्न.

छोट्या भागधारकालाही इथे काही करता येते. समितीची एखादी शिफारस मंडळाने नाकारली, तर ते कारणांसह संचालकांच्या अहवालात सांगावे लागते. कोणता सदस्य किती बैठकांना हजर होता, तेही वार्षिक अहवालात सापडते. शिवाय भागधारकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी समितीच्या अध्यक्षांनी वार्षिक सर्वसाधारण सभेला हजर राहावे, असा सेबीचा नियम आहे. तुमच्या नावावर दहाच शेअर असले, तरी त्या सभेत उभे राहून विचारता येते : वर्षभरात तुम्ही व्यवस्थापनाला कोणता प्रश्न विचारलात आणि काय उत्तर मिळाले?