फोडणीतली हळद
मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडच्या वरणात हळद पडते ती फोडणीच्या तेलात: मोहरी तडतडली, जिरं फुललं की चिमूटभर, आणि करपायच्या आत वर वरण. ही रीत शहाणपणाची आहे, कारण हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं; मिऱ्यातल्या पिपरिनमुळे ते रक्तात जास्त पोचतं, हेही 1998च्या प्रयोगात दिसलं. पण तिथे कर्क्युमिन 2 ग्रॅम दिलं होतं, आणि हळदीत ते जेमतेम 3 टक्के! म्हणजे वरण काही औषध नव्हे. मग उपयोग काय? मसाला असला की कमी मिठातही डाळ-भाजी रुचते, हा फायदा रोजचा. चिमटीऐवजी गोळ्या घ्याव्यात म्हणाल, तर कर्क्युमिनच्या गोळ्यांनी, विशेषतः मिऱ्याचा अर्क मिसळलेल्या, काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.