सातबाऱ्याबाहेरची शेतकरीण

दिवाळीच्या सुमाराला वऱ्हाडात किंवा मराठवाड्यात कापसाची वेचणी भरात असते. बाया भल्या पहाटे शिवारात उतरतात, कारण ऊन चढलं की वाळल्या पाल्याचा चुरा कापसाला चिकटतो आणि प्रत घसरते. कमरेला ओटी बांधलेली, हात सतत चालू. उमललेल्या बोंडाच्या पाकळ्या सुकल्या की त्यांची टोकं काट्यासारखी होतात आणि बोटं ओरबाडून निघतात. मजुरी किलोवर मिळते. हे काम जवळजवळ सगळं बायकांचंच.

आता कापसाचं वाण कसं निवडतात ते बघा. हेक्टरी उत्पादन, धाग्याची लांबी, ताकद, किडीला तोंड देण्याची क्षमता यांची नोंद काटेकोरपणे होते. हे वाण वेचायला सोपं की जाचक, हे वेचणारीला क्वचितच विचारलं जातं. सघन लागवडीसाठी बुटकी, आटोपशीर झाडं पुढे येत आहेत. त्यांनी उत्पादन वाढत असेल तर चांगलंच. पण दिवसभर वाकून वेचणाऱ्या बाईच्या कंबरेचं काय होतं, हेही त्याच प्रयोगात मोजलं पाहिजे. तो संशोधनाचाच भाग आहे, समाजकार्याचा नव्हे.

हा प्रश्न विचारला जात नाही, याचं मूळ सातबाऱ्यात आहे. 2015-16च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीधारकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण जेमतेम 14 टक्के होतं आणि त्यांच्या वाट्याचं क्षेत्र 12 टक्क्यांच्याही आत. दुसरीकडे ग्रामीण भागात काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे तीन चतुर्थांश शेतीत राबतात. आपल्याकडे पीककर्ज, पीकविमा, अनुदान, प्रात्यक्षिकाचा प्लॉट, शेतकरी मेळाव्याचं आमंत्रण, सगळं खातेदाराच्या नावाने येतं. म्हणजे पेरणीपासून मळणीपर्यंत शेतात असणारी बाई कृषी विद्यापीठाच्या यादीपर्यंत पोचतच नाही.

कायदा मागे राहिलेला नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान हक्क महाराष्ट्राने 1994 मध्येच दिला. देशभर तो 2005 मध्ये आला. तरीही तलाठ्याकडे वारसनोंद करताना बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याची रीत गावोगाव चालू आहे. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक मांडलं होतं. जमीन नावावर असो वा नसो, शेती करणारी ती शेतकरी, हा त्याचा गाभा. ते 2013 मध्ये व्यपगत झालं.

महाराष्ट्राने मात्र या वाटेवर फार आधी पाऊल टाकलं होतं. शेतकरी संघटनेच्या 1986च्या चांदवड अधिवेशनाला लाखोंनी बाया आल्या, आणि त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: घरच्या लक्ष्मीच्या नावे जमिनीचा तुकडा करा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवलं. शेतमालाच्या भावासाठी लढणाऱ्या पुरुषांनी स्वतःच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवलं, ही माझ्या मते त्या आंदोलनाची सर्वांत मोठी आणि सर्वांत विसरली गेलेली कमाई आहे.

बाईच्या हाती निर्णय आला की शेत कसं बदलतं, याचे दाखले आहेत. मराठवाड्यातल्या दुष्काळात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर बायकांनी घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घेतला. नगदी पिकाऐवजी त्यात कडधान्यं, भरडधान्यं, भाजीपाला घेतला. आधी घरातलं ताट, मग बाजार. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. त्यांनी वाल-घेवड्याची आणि भाताची गावरान वाणं जपली, बायफ या संस्थेच्या साथीने बियाणं बँक उभी केली आणि 2020 मध्ये पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. अशा बायांना पुरस्कारानंतर व्यासपीठावर बसवलं जातं. वाणनिवडीच्या समितीत कधी बसवणार?

संशोधन संस्थांनी काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. भुवनेश्वरला 1996 पासून शेतकरी स्त्रियांसाठी स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञान विभागाने बायकांचे काबाडकष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर काम केलं आहे. पण हे काम वेगळ्या दालनात राहतं. पैदासकार, कीटकशास्त्रज्ञ, कृषी अभियंता आपापल्या प्रयोगात ते आणत नाहीत. फवारणीचंच घ्या. पाठीवर पंप पुरुषाच्या, म्हणून सुरक्षेचं प्रशिक्षणही पुरुषाला. पाणी वाहून आणणारी, कित्येकदा औषध कालवणारी आणि फवारणाऱ्याचे माखलेले कपडे धुणारी बाई त्या प्रशिक्षणात नसते.

आणि 'बाई' म्हणून सगळ्या सारख्या नाहीत. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, त्याला साठ वर्षं होऊन गेली; तरी गायरान कसणारी दलित बाई आजही कागदाविना आहे. कागद नाही म्हणून कर्ज नाही, विमा नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. उचल त्याच्या हातात पडते, मोळी हिच्या डोक्यावर. वनहक्क कायद्याने मात्र विवाहितांच्या वैयक्तिक दाव्यात पती-पत्नी दोघांच्या नावे पट्टा देण्याची तरतूद केली. आदिवासी कुटुंबांना लागू असलेला हा साधा नियम बाकीच्या शेतजमिनीला का नको?

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष जाहीर केलं आहे. त्या निमित्ताने कृषी विद्यापीठांनी प्रत्येक वाणाच्या चाचणीत बायकांचे श्रम आणि त्यांचं मत हा रकाना सक्तीचा करावा. आणि तुमच्या घरी शेती असेल तर एवढं करा: सातबारा काढून त्यावरची नावं वाचा. पतीने अर्ज केला तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय लक्ष्मीमुक्ती योजनेखाली 1992 पासून आहे. तहसील कार्यालयात जाऊन तो अर्ज द्या.