जीप सरळ का चालत नाही?

ताशी साठचा वेग, समोर सरळ डांबरी रस्ता, आणि तरी हात सारखे हलतायत. थोडं डावीकडे, लगेच थोडं उजवीकडे. जुनी जीप, जिप्सी किंवा वडापमध्ये वर्षानुवर्षं राबलेली गाडी चालवणाऱ्याला हा प्रकार सांगावा लागत नाही. गॅरेजमध्ये गेलं की बहुतेक वेळा स्टिअरिंग बॉक्सवर आळ येतो, खर्चाचा आकडा निघतो, बॉक्स बदलला जातो आणि गाडी परत भटकते. कारण इथे दोन वेगळे आजार आहेत. स्टिअरिंग फिरवलं तरी चाकं उशिरा वळणं, हा झिजेचा आजार. चाकं वळतात वेळेवर, पण सरळ राहत नाहीत, हा कोनांचा. पहिल्यावरचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

कायद्याने दिलेली सूट

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 98 वा नियम स्टिअरिंगसाठी आहे. त्यात स्टिअरिंगच्या ढिलाईची मर्यादा सांगितली आहे: स्टिअरिंग व्हीलवर 30 अंश. घड्याळात बारापासून एकपर्यंत होतं तेवढं अंतर. 40 सेंटीमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर मोजलं तर कडेला साधारण 10 सेंटीमीटर. ही फार उदार सूट आहे. घाटात एवढा प्ले घेऊन उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण याच नियमातली पुढची अट मला जास्त मोलाची वाटते: स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असल्याच पाहिजेत, आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या हव्यात. ती टोपी फाटली की धूळ आत, ग्रीस बाहेर. ओढ्यातून गाडी काढली की चिखलाचं पाणीही आत. बॉल जॉइंटचं मरण तिथूनच सुरू होतं.

बोट ठेवा, बिघाड सापडेल

प्ले शोधायला महागडं यंत्र लागत नाही, दोन माणसं लागतात. गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी. एकाने वर बसून स्टिअरिंग थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने खाली सरकून प्रत्येक जोडावर बोट ठेवायचं, अर्धं जोडाच्या एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते. वरून सुरुवात करायची: कॉलमचा जोड, बॉक्सचे बोल्ट, पिटमन आर्म, ड्रॅग लिंक, मग टाय रॉडची दोन्ही टोकं. जॅकवर उचलून टायर झटकण्याची चाचणी याच्यानंतर. अंगावर भार नसलेली गाडी बऱ्याच गोष्टी लपवते.

जॅकवर घेतल्यावर मात्र एक सुंदर युक्ती आहे. टायर वरून आणि खालून धरून हलवला आणि खडखडला, तर दोष व्हील बेअरिंगचा की किंगपिनचा? दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हब आणि नकल एकमेकांना बांधले जातात. खडखड थांबली तर बेअरिंग, तशीच राहिली तर किंगपिन. अर्ध्या मिनिटात निकाल, तोही एकही नट न खोलता.

बग्गीवाल्याची कल्पना, पुस्तकवाल्याचं नाव

हे सगळे जोड चाकं वळवतात, पण दोन्ही सारखी नाही: वळताना आतलं चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळतं. या रचनेला जगभर आकरमनचं नाव आहे. कल्पना मात्र म्युनिकचा बग्गी बनवणारा गेओर्ग लांकेनश्पेर्गर याची, 1817 सालची. रुडॉल्फ आकरमन हा लंडनमधला त्याचा प्रतिनिधी. त्याने 1818 मध्ये तिकडे पेटंट घेतलं आणि नाव त्याचंच राहिलं. आकरमन प्रसिद्ध होता तो चित्रं आणि पुस्तकं छापून विकणारा म्हणून. ॲडमिरल नेल्सनच्या अंत्ययात्रेचा रथही त्यानेच रेखाटला होता.

पॅरिसचा एक कारखाना

सुरुवातीच्या मोटारींना गोल स्टिअरिंग नव्हतं, नावेच्या सुकाणूसारखा दांडा होता. 1894 च्या पॅरिस–रुआं शर्यतीत आल्फ्रेड वाशेरोंने आपल्या गाडीला गोल चाक बसवलं. गाडी होती पानार. काही वर्षांत पानार कंपनीने आपल्या सगळ्या गाड्यांना ते दिलं.

दुसरी गोष्ट अर्त्यूर क्रेब्सची. हा फ्रेंच लष्करी अधिकारी. 9 ऑगस्ट 1884 रोजी त्याने आणि शार्ल रनार याने ‘ला फ्रान्स’ नावाचं हवाई जहाज उडवलं, सुमारे 8 किलोमीटरचा फेरा 23 मिनिटांत मारून निघाल्या जागी परत आणलं. हवं तसं वळवून परत आणता येईल असं उड्डाण त्याआधी कुणाला जमलं नव्हतं. हाच माणूस 1897 मध्ये पानार कारखान्याचा प्रमुख झाला. मोटारीची पुढची चाकं वळल्यानंतर आपोआप सरळ यावीत, यासाठीचं पेटंट त्याने त्याच सुमारास घेतलं होतं. आकाशात दिशा राखणाऱ्यानेच जमिनीवरची दिशा राखायची वाट दाखवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. आज त्या गुणाला आपण कॅस्टर म्हणतो.

तिसरी देणगी पानार रॉड. ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून आडवी बांधलेली सळई. कॉइल स्प्रिंगवर सलग ॲक्सल असलेल्या बहुतेक ऑफरोड गाड्यांत ती आजही असते. तिचा बुश गेला की काय होतं, ते पुढे येतंच आहे.

उंच केली आणि भरकटली

आता कोनांच्या आजाराकडे. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून हात सोडूनही ती सरळ जाते. जीपचा किंगपिनही असाच वरच्या टोकाला मागे कललेला हवा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला हा कल, म्हणजेच कॅस्टर, 3 अंशांचा होता. एवढ्याशा कोनावर गाडीचं सरळपण टिकून असतं.

आणि नेमका तोच कोन आपण घालवतो. गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल टाकले जातात. शॅकल जितका लांब, त्याच्या निम्मीच उंची मिळते: दोन इंच वाढवले तर एक इंच. विलीजसारख्या गाड्यांत पुढच्या पाट्यांचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. तो लांबवला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, त्याबरोबर ॲक्सल पुढे झुकतो आणि किंगपिन उभा होतो. कॅस्टर कमी, भटकणं सुरू. एक इंच उंचीसाठी हा सौदा तोट्याचाच आहे. कॉइल स्प्रिंगच्या गाड्यांतही लिफ्ट किट टाकल्यावर ॲक्सलचे आर्म खाली झुकतात आणि तोच परिणाम होतो.

यावर पाट्याच्या गाडीत साधा इलाज आहे: पाटा आणि ॲक्सलच्या बैठकीमध्ये निमुळती पाचर घालायची. पाचरीचं जाड टोक कुठल्या बाजूला ठेवायचं हे चुकलं, तर बिघाड दुप्पट. बरोबर बसवली तरी एक किंमत मोजावी लागते. ॲक्सलचा माथा मागे कलला की त्याच्या मागच्या बाजूचा पिनियन खाली तोंड करतो आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो. म्हणून पाचर हवी तेवढीच घालायची, आणि घातल्यावर कॅस्टर यंत्रावर मोजून घ्यायचा.

टायरचंही ऐका. विलीजचे 6.00-16 टायर आडव्या-तिडव्या धाग्यांचे, म्हणजे बायस प्लाय. असे टायर रस्त्यावरच्या खाचा पकडत जातात. मिशलँने रेडियल टायरचं पेटंट 1946 मध्ये घेतलं, त्यानंतर गाड्यांचं सरळ चालणं बरंच सुधारलं. पुढच्या दोन टायरांची हवा वेगवेगळी असेल तर मात्र कुठलाही टायर गाडी ओढणारच. काहीही खोलण्याआधी हवा तपासावी.

मधला बेल क्रँक

आता परत झिजेकडे. विलीज जीप आणि तिच्याच वंशातली सीजे-3बी ही आपल्याकडे महिंद्राने घडवली. तिच्या स्टिअरिंगचं हृदय ॲक्सलच्या मधोमध असतं. ड्रॅग लिंक तिथल्या एका बेल क्रँकला ढकलते, आणि त्यातून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जातात. बेल क्रँक फिरतो एका उभ्या पिनेवर. ती पिन झिजली की वर-खाली, डावी-उजवीकडे सगळीकडे डुगडुगते, आणि तिचा परिणाम दोन्ही चाकांवर एकदम होतो. ग्रीस निप्पल आहे, पण तिथे चिखल साचतो, म्हणून ग्रीस गन मारणारा नेमका तोच निप्पल सोडतो. पिन आणि बुश बदलले की जुन्या जीपचा जन्म नवा वाटतो. नवा बॉक्स टाकूनही जे होत नाही, ते एवढ्याशा पिनेने होतं.

याच जीपच्या ड्रॅग लिंकच्या टोकात स्प्रिंग असतात, खड्ड्याचा धक्का हातापर्यंत येऊ नये म्हणून. पुढच्या टोकाचा प्लग पूर्ण आवळायचा, मग अर्धा फेरा सोडायचा आणि नवी स्प्लिट पिन घालायची. पूर्ण आवळून ठेवला तर प्ले जातो, पण जोड अडकतो.

किंगपिन बेअरिंगची घट्टाईही मोजता येते. तेलाचं सील काढून नकलच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचा: 4 ते 6 पौंडांवर, म्हणजे साधारण 1.8 ते 2.7 किलोवर, नकल फिरायला लागला पाहिजे. जोर कमी लागला तर एक शिम काढा, जास्त लागला तर एक घाला. बाजारातल्या मासळीवाल्याकडे दिसतो तसला काटा चालतो.

तो वरचा स्क्रू

बॉक्सच्या डोक्यावर एक चेकनट आणि त्यात स्क्रू दिसतो. प्ले आहे म्हटलं की पान्हा आधी तिकडेच जातो. थांबा. जीपचा जुना वर्म-लिव्हर बॉक्स असो की 1940 च्या कॅडिलॅकपासून पुढे आलेला फिरत्या गोळ्यांचा बॉक्स, दोन्ही मुद्दाम असे घडवलेले असतात की चाकं सरळ असताना पकड सगळ्यात घट्ट, वळवली की सैल. आपण बहुतेक वेळ सरळच चालवतो, म्हणून झीजही मधेच होते. स्क्रू नेहमी चाकं सरळ ठेवूनच आवळायचा. वळलेल्या स्थितीत आवळला तर मधे येताच बॉक्स जाम होतो, वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही. मग जो भटकणं थांबवायला निघाला होता, त्यानेच नवं भटकणं विकत घेतलं.

बॉक्सच्या आत काही नसतानाही बॉक्स दोषी ठरतो, त्याचं आणखी एक कारण फ्रेम. जुन्या सीजे जीपमध्ये बॉक्सच्या बोल्टभोवती चासिसला तडा जातो. स्टिअरिंग फिरलं की आधी पत्रा वाकतो, मग चाकं वळतात. चिखल धुऊन, बॅटरी लावून तिथे बघितलं पाहिजे.

नव्या गाडीलाही

ही जुन्या गाड्यांचीच कहाणी नाही. 2018 च्या जीप रँग्लरला वजन कमी करण्यासाठी ॲल्युमिनियमच्या खोक्याचा स्टिअरिंग बॉक्स दिला होता. हायवेवर स्टिअरिंग ढिलं वाटतं, गाडी भटकते, अशा तक्रारी अमेरिकेत आल्या. शेवटी कंपनीने 2020 मध्ये ॲल्युमिनियमऐवजी लोखंडी बॉक्स बसवून द्यायला सुरुवात केली. तीच रँग्लर 2021 पासून पुण्याजवळ रांजणगावला जोडली जाऊ लागली.

गाडी थरथरते तेव्हा

ऑफरोडवाल्यांच्या जगात ‘डेथ वॉबल’चं नाव काढलं की सगळे गंभीर होतात. ताशी सत्तर-ऐंशीला एखादा खड्डा लागतो आणि पुढची दोन्ही चाकं भराभर डावी-उजवीकडे हलू लागतात, स्टिअरिंग हातात धरवत नाही. जोरात ब्रेक मारू नये, घट्ट धरून वेग हळूहळू उतरवावा. बऱ्याचदा दोषी निघतो तो पानार रॉडचा बुश किंवा त्याच्या बोल्टचं वाढलेलं भोक. स्टिअरिंग डॅम्पर बदलला की थरथर काही महिने लपते. तो उपाय म्हणून विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

खडू, टेप आणि शेवटचा नट

सगळे जोड घट्ट झाल्यावरच टो-इन, म्हणजे चाकांचा पुढून किंचित आत असलेला कल, लावायचा, आधी लावून उपयोग नाही. विलीजला तो 3/64 ते 3/32 इंच, म्हणजे सुमारे 1.2 ते 2.4 मिलिमीटर. दोन्ही टायरवर खडूने रेघ ओढून, पुढून आणि मागून टेप लावून तो घरीही बघता येतो. टाय रॉडचा कॅसल नट आवळताना पिनेचं भोक जुळलं नाही तर नट थोडा पुढे आवळावा, मागे कधीच सोडू नये.

टो लावल्यावर गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंगचा दांडा तिरका राहतो, असं बऱ्याचदा होतं. तेव्हा स्टिअरिंग काढून सरळ बसवून देणारे कारागीर आहेत. तसं करू देऊ नका. बॉक्समधली ती घट्ट मधली जागा तिथून बाजूला पडते आणि गाडी सरळ जाताना बॉक्स त्याच्या सैल भागात काम करतो. दांडा सरळ करायचा तो ड्रॅग लिंकची लांबी बदलून.