शहराच्या कानाला लागलेलं स्टेशन

आपल्याकडचा एफएम रेडिओ ८८ला सुरू होतो आणि १०८ला संपतो. जपानच्या ओसाका शहरातल्या तरुणांचं एक लाडकं स्टेशन लागतं ८०.२ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे आपला काटा जिथून निघतो त्याच्याही अलीकडे. इथला साधा संच पिशवीत घालून थेट ओसाकाला नेला, तरी त्यावर ते लागायचं नाही. याचं मूळ तिथल्या टीव्हीत आहे. ९०च्या पुढची १०८पर्यंतची जागा जपानने जुन्या अ‍ॅनालॉग टीव्हीच्या पहिल्या तीन चॅनेलांना देऊन टाकली होती. एफएमच्या वाट्याला उरली ७६ ते ९० एवढीच चिंचोळी पट्टी. तो टीव्ही २०११-१२मध्ये बंद झाला, पण जुनी स्टेशनं आपापल्या जागा धरून राहिली.

या स्टेशनाने तर आपला आकडाच नाव म्हणून लावला: एफएम ८०२. १ जून १९८९ रोजी ते ओसाकात सुरू झालं. शहरात तेव्हा सरकारी वळणाचं एनएचके होतं आणि १९७०पासून चालत आलेलं एफएम ओसाका हे एकच खाजगी एफएम. जपानमध्ये पैशाचा पूर आलेला तो काळ. टोकियोत आदल्याच वर्षी जे-वेव्ह नावाचं चकचकीत स्टेशन निघालं होतं. ओसाकाचा स्वभाव वेगळा. व्यापाऱ्यांचं, खवय्यांचं, मोठ्याने हसणारं हे शहर. राजधानीची री ओढणं त्याला कधी मानवलं नाही. ८०२ने सुरुवातीपासून विशी-तिशीतला श्रोता डोळ्यांसमोर ठेवला आणि गप्पांपेक्षा गाण्यांना जास्त वेळ दिला.

त्यांची सगळ्यात धाडसी गोष्ट म्हणजे ‘हेवी रोटेशन’. दर महिन्याला दोन गाणी निवडायची, एक जपानी आणि एक परदेशी. ती महिनाभर, सकाळी, दुपारी, मध्यरात्री, कार्यक्रम कोणताही असो, पुन्हा पुन्हा वाजवायची. आपल्याकडची बहुतेक खाजगी स्टेशनंही तीच तीच गाणी लावतात, पण ती आधीच गाजलेली असतात. सिनेमा चालला की गाणं वाजतं. ८०२चं गणित उलटं आहे. ज्या बँडचं नाव अजून कोणाच्या तोंडी नाही, त्याचं गाणं अनेकदा निवडलं जातं. ऐकणाऱ्याने ते मागितलेलं नसतं. सोमवारी कान टवकारतो, गुरुवारी वैताग येतो आणि पुढच्या आठवड्यात तीच चाल आपण भांडी घासताना गुणगुणतोय हे लक्षात येतं.

यात जादू नाही. रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८मध्ये दाखवून दिलं होतं की एखादी अनोळखी गोष्ट नुसती वारंवार समोर आली, तरी माणसाला ती आवडू लागते. कारण कळण्याची गरज पडत नाही. अति झालं तर मात्र तीच गोष्ट नकोशी होते, त्यामुळे महिन्याची मुदत मला फार शहाणपणाची वाटते. अर्थात ही ताकद जोखमीचीही आहे. शहराच्या गळी काय उतरवायचं हे मूठभर माणसं ठरवणार, मग त्यांचा कान चांगलाच हवा.

ऐकणाऱ्यांची ओळख पटावी म्हणून स्टेशनाने स्टिकर काढले. गाडीच्या बंपरवर लावायचे, फुकट वाटलेले. त्यांची चित्रं ठरावीक काळाने बदलतात आणि ती काढायला नवख्या चित्रकारांना बोलावलं जातं. म्हणजे गाण्यांचंच धोरण चित्रांनाही लावलं. सिग्नलला पुढच्या गाडीवर तो स्टिकर दिसला की आतला माणूस आत्ता काय ऐकत असेल याचा अंदाज बांधता येतो. रेडिओ हा दिसणारा धंदा नाही; या कागदाच्या तुकड्याने तो रस्त्यावर दिसू लागला.

पण खरी कमाल घडते ती ऑक्टोबरमध्ये, ओसाकाच्या मिनामी भागात. शिनसाइबाशीची दुकानं आणि अमेरिकामुराच्या गल्ल्या यांच्या अधेमधे, कुठे तळघरात, कुठे तिसऱ्या मजल्यावर, ‘लाइव्ह हाउस’ असतात. काळ्या भिंतींच्या, गुडघाभर उंचीच्या रंगमंचाच्या छोट्या जागा. शंभर-दोनशे माणसं उभी राहिली की भरल्या. तिकीट दाखवलं तरी दारात आणखी पाच-सहाशे येन मोजावे लागतात, ‘ड्रिंक’चे. पेय न घेण्याची सोय नाही. नवख्याला ही लूट वाटते, पण यातल्या बऱ्याच जागांचा परवाना उपाहारगृहाचा असतो, त्यामुळे काहीतरी प्यायला देणं हा व्यवहाराचाच भाग. पैशाच्या बदल्यात हातात एक प्लॅस्टिकचं टोकन पडतं. ते काउंटरवर सरकवायचं आणि ग्लास घेऊन अंधारात शिरायचं.

१९९९मध्ये ८०२ने अशा जागा एकत्र गुंफून ‘मिनामी व्हील’ सुरू केलं. नमुना होता अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराच्या ‘साउथ बाय साउथवेस्ट’ या संगीत महोत्सवाचा. तीन दिवस, वीसच्या आसपास लाइव्ह हाउस, शेकडो बँड. मनगटावर पट्टी बांधली की कुठल्याही दारातून आत जाता येतं, जागा असेल तर. अर्ध्या तासात एकाचं आटोपतं आणि लोक पुढचा बँड गाठायला धावतात. एखाद्या दाराशी ‘आत जागा नाही’ असं सांगावं लागलं की त्या पोरांचं नशीब उघडलं म्हणायचं. रेडिओवर महिनाभर कानावर पडलेला आवाज इथे हातभर अंतरावर, घामाने निथळत उभा असतो. स्टेशनाने वाजवलेलं गाणं लोकांना खरंच भावलं का, याचा इतका रोखठोक निकाल श्रोत्यांच्या कुठल्याही पाहणीतून मिळणार नाही.

मोठे मेळेही आहेत. १९७०च्या जागतिक प्रदर्शनाच्या जागेवरल्या उद्यानात, तारो ओकामोतोच्या सूर्यमनोऱ्याच्या परिसरात, १९९०पासून ‘मीट द वर्ल्ड बीट’ होत आलं आहे. त्याला तिकीट नाही. अर्ज करायचा आणि सोडतीत नाव निघायची वाट पाहायची. वर्षअखेरीस इंटेक्स ओसाकाच्या प्रचंड दालनांत ‘रेडिओ क्रेझी’ भरतं, २००९पासून. तिथल्या दोन रंगमंचांची नावं एल आणि आर आहेत, स्टिरिओच्या डाव्या-उजव्या कानांसारखी. रेडिओवाल्यांचा हा विनोद मला फार आवडतो.

मोबाइल आल्यावर हे सगळं आटोपायला हवं होतं. पण २०१०मध्ये ‘रादिको’ सुरू झालं आणि रेडिओच फोनमध्ये आला. उंच इमारतींमुळे शहरांत रेडिओ नीट लागत नसे, त्यावर काढलेला हा तोडगा. गंमत म्हणजे इंटरनेटवर असूनही त्याने प्रदेशाच्या सीमा सोडल्या नाहीत: ओसाकातल्या फोनवर ओसाकाचीच स्टेशनं फुकट, बाहेरची हवी असतील तर २०१४पासून दरमहा पैसे भरायचे. त्यामुळे स्टेशन आपल्या शहराचंच राहिलं.

वयाचा प्रश्न मात्र सुटत नाही. १९८९मध्ये अठरा वर्षांचा असलेला श्रोता आता पन्नाशी ओलांडून गेला, आणि ८०२ला तर तरुणच राहायचंय. त्याची सोयही याच कंपनीकडे आहे. १९९५च्या जानेवारीत कोबेला भूकंप झाला तेव्हा परदेशी रहिवाशांना त्यांच्या भाषेत माहिती मिळेना. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एफएम कोकोलो हे बहुभाषी स्टेशन ७६.५वर उभं राहिलं. पुढे त्याने पंचेचाळिशीपुढच्या संगीतप्रेमींना जवळ केलं आणि २०१२पासून ते ८०२चीच कंपनी चालवते. मुलगा ८०.२वर आणि बाप ७६.५वर, दोघांचेही जाहिरातदार एकाच हिशेबाच्या वहीत.