‘आस्क’ची भावकी

वडील १९८९ साली निवृत्त झाले आणि त्यांची थकबाकी एका कचेरीत अडकली. घरात इंग्रजी येणारा मी एकटाच, तेव्हा पत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मराठीत आपण ‘थकबाकीची मागणी’ म्हणतो. कोशात ‘मागणी’पुढे ‘डिमांड’ सापडले, म्हणून मी ‘आय डिमांड’ असे ठोकून दिले. पंधरा दिवसांनी वडील चौकशीला गेले, तर कारकुनाने विचारले, ‘‘काय हो काका, कोर्टात जाताय काय?’’ पत्र विधी शाखेकडे गेले होते. तिथून ते परत यायला आठ महिने लागले. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. मी मात्र त्या एका क्रियापदापायी कोशांच्या नादी लागलो, तो आजतागायत.

तिथे माझे काम साध्या ‘आस्क’ने भागले असते का? कदाचित भागले असते. पण हे क्रियापद दिसते तितके साधे नाही.

‘आस्क’ हे इंग्रजीचे अस्सल घरचे क्रियापद. जुन्या इंग्रजीत त्याची दोन रूपे शेजारी शेजारी नांदत होती. एकात ‘स्क’, दुसऱ्यात ‘क्स’. चौदाव्या शतकातल्या चॉसरकडे ‘ॲक्स’ सापडते आणि १५३५च्या कव्हरडेलच्या बायबलातही सापडते. पुढे ‘आस्क’ प्रमाण ठरले. आज अमेरिकेतला कृष्णवर्णीय माणूस ‘ॲक्स’ म्हणाला, की त्याला अडाण्यात काढतात. आपल्याकडे ‘नुकसान’चे ‘नुस्कान’ आणि ‘डेस्क’चे ‘डेक्स’ करणाऱ्याला हसतात, तसेच. वास्तविक त्याच्या उच्चाराला हजार वर्षांचा आधार आहे.

आता व्युत्पत्तीकडे वळू. ‘आस्क’ ज्या धातूतून आले, त्याच धातूचे संस्कृत अपत्य म्हणजे ‘इच्छति’. मूळ अर्थ शोधणे, हवेसे वाटणे. म्हणजे इंग्रजीतले ‘विचारणे’ हे आपल्या ‘इच्छे’चे चुलत भावंड. याउलट आपल्या ‘पृच्छा’, ‘प्रश्न’ आणि ‘पुसणे’ यांचे चुलत भावंड इंग्रजीत भलतीकडेच भेटते, ते ‘प्रे’ या क्रियापदात. लॅटिनमध्ये त्याचे रूप ‘प्रेकारी’, म्हणजे विनवणे. ज्याला आज ‘प्रिकेरिअस’ म्हणजे डळमळीत म्हणतात, ते त्याच कुळातले. जे दुसऱ्याला विनवून मिळाले आणि त्याच्या मर्जीवर टिकून आहे, ते डळमळीतच असणार. हा अर्थविस्तार ज्याने केला, त्याने कचेरीचे उंबरे झिजवलेले असावेत.

मराठीचे ‘मागणे’ही मुळात शोधणेच. संस्कृत ‘मार्गयति’ म्हणजे शोध घेणे. प्राकृतातून घरंगळत ते ‘मागणे’ झाले. पण इंग्रजीने एकाच ‘आस्क’वर दोन्ही भार टाकले, आपण ते वाटून घेतले. माहिती हवी तर ‘विचारतो’, वस्तू हवी तर ‘मागतो’. इंग्रजीत हा भेद बरेचदा ‘फॉर’ या एवढ्याशा शब्दाकडे सोपवलेला असतो. ‘आस्क हिम द प्राइस’ म्हणजे किंमत विचार, ‘आस्क हिम फॉर मनी’ म्हणजे पैसे माग. आपली माणसे ‘आस्क टू हिम’ म्हणतात, कारण ‘त्याला’मधला ‘ला’ त्यांच्या कानात वाजत असतो.

‘विचारणे’ हा शब्द मला विशेष आवडतो. हिंदीत ‘विचारना’ म्हणजे मनाशी चिंतन करणे. मराठीने मात्र मनातला विचार दुसऱ्यापुढे मांडला आणि त्यालाच प्रश्न म्हटले. जुन्या मराठीत या जागी ‘पुसणे’ सर्रास होते. पाटी पुसण्याचे ‘पुसणे’ वेगळ्या मूळाचे, पण उच्चार एकच. बहुधा त्या गोंधळामुळेच शहरी बोलीत विचारण्याचे ‘पुसणे’ मागे पडले. तरी ‘त्याला कोणी पुसत नाही’मध्ये ते तग धरून आहे, आणि ‘विचारपूस’मध्ये तर दोघे जोडीने राहतात. घरी कोणी विचारपूस करायला आले, तर आपण चहा ठेवतो. चौकशीला आले म्हटले, की पोटात गोळा येतो.

इंग्रजीत हा पोटातला गोळा आणला तो पाहुण्या शब्दांनी. १०६६मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. दरबार आणि न्यायालय फ्रेंचमध्ये बोलू लागले, पंडित लॅटिनमध्ये लिहीतच होते. ‘आस्क’ स्वयंपाकघरात आणि शेतात राहिले. त्याच्यावर ‘क्वेश्चन’ आणि ‘इन्क्वायर’ येऊन बसले, त्याच्याही वर ‘इंटरॉगेट’. नवऱ्याला बायको ‘आस्क’ करते. ‘इंटरॉगेट’ करू लागली, तर संसारात काहीतरी बिनसले आहे असे समजावे.

मागण्याच्या अंगाला हीच चढण अधिक उभी आहे. ‘रिक्वेस्ट’ आणि ‘रिक्वायर’ ही लॅटिनच्या एकाच क्रियापदाची लेकरे. ‘रिक्वायर’चाही अर्थ एके काळी ‘विनंती करणे’ असाच होता. पुढे एक नम्र राहिले, दुसरे सक्तीवर गेले. ‘डिमांड’चे तर आश्चर्यच. फ्रेंचमध्ये ‘दमांदे’ म्हणजे आजही निव्वळ विचारणे किंवा मागणे, त्यात कसलाही दरडावणीचा सूर नाही. इंग्लंडच्या न्यायालयांत हा शब्द ‘हक्क म्हणून मागणे’ या अर्थाने रुळला आणि त्याला धार आली. माझा ‘आय डिमांड’ पॅरिसमध्ये कदाचित चालून गेला असता!

दुसऱ्या टोकाला ‘प्रे’. देवापुढे हात जोडण्याआधीपासून, आणि नंतरही, ते माणसांपुढे हात जोडत होते. आजही वकिलाच्या दाव्यातला न्यायालयाकडे मागणे मांडणारा भाग ‘प्रेयर’ याच नावाने ओळखला जातो. काँग्रेसची पहिली वीस वर्षे सरकारपुढे अर्ज-विनंत्या करण्यात गेली. जहालांनी त्याला राजकीय भिक्षा म्हणून हिणवले. मवाळ आणि जहाल यांच्या भांडणात मोठे मुद्दे होतेच, पण मला त्यात ‘प्रे’ आणि ‘डिमांड’ यांचेही भांडण ऐकू येते. मागायचे तेच, उभे कुठे राहून मागायचे, हा वाद.

२००५चा माहिती अधिकार कायदा वाचताना म्हणूनच माझी नजर आधी क्रियेवर गेली. इंग्रजी पाठाच्या सहाव्या कलमात अर्जदार करतो ती ‘रिक्वेस्ट’, ‘डिमांड’ नव्हे. पण लगेच पुढे म्हटले आहे, की त्याला माहिती मागण्याचे कारण द्यावे लागणार नाही. आणि सातव्या कलमात उत्तराला तीस दिवसांची मुदत घातली आहे. शब्द नरम ठेवला आणि वजन मुदतीवर टाकले. १९८९मध्ये मी नेमके उलटे केले होते. शब्द जड, त्यामागे कलम एकही नाही.

हल्ली आमच्या भागातले लोक अर्ज लिहून घ्यायला येतात. मराठीत लिहायचे तर मला क्रियापदाची चिंता नसते. ‘रजा मिळावी’, ‘दाखला मिळावा’, ‘थकबाकी मिळावी’. यात मागणारा दिसत नाही, देणाराही दिसत नाही. कोणी वर नाही, कोणी खाली नाही, फक्त वस्तू आणि तिने यावे अशी अपेक्षा. शेवटी ‘ही विनंती’ जोडले की झाले. तोच अर्ज इंग्रजीत करायचा म्हटला, की ‘मिळावी’ला जोड सापडत नाही. ‘आस्क’, ‘रिक्वेस्ट’, ‘प्रे’, ‘डिमांड’ यांतले एक निवडावे लागते, आणि समोर बसलेल्या माणसाला मला आधी विचारावे लागते, की तुमचे हे हक्काचे आहे, की त्यांच्या मर्जीचे?